संशोधनाची उमेदवारी

परीक्षेंत पहिली येणारी मुलगी संशोधनांतहि पहिलीच येईल, अशी आपल्या सुशिक्षित घरांतून एक जुनी आणि भक्कम समजूत आहे. एम. एस्सी.चा निकाल लागतो, पेढे वाटले जातात, मुलगी पुढली पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन एखाद्या नांवाजलेल्या संस्थेंत पीएच. डी.साठीं दाखल होते, आणि घरचीं माणसें निर्धास्त होतात. जणूं तिला गाडींत बसवून दिलें. आतां स्टेशन आलें कीं ती उतरेल! ह्या गाडीला पुढले रूळ बसणाऱ्यानें स्वतःच घालावयाचे असतात, हें त्यांना कोणीं सांगितलेलें नसतें. आणि ज्यांनीं सांगावें ते आम्ही लोक, पदवी एकदां पदरांत पडली कीं, तो सारा काळ शेवट गोड झालेल्या नाटकासारखा आठवूं लागतों.

माझेंहि तसेंच झालें होतें. २०२५ च्या भाऊबीजेला मी बहिणीकडे गेलों होतों. ओवाळून झालें, फराळ झाला, आणि बहिणीनें मला हळूच स्वयंपाकघरांत बोलावून घेतलें. "दादा, तिला जरा दोन गोष्टी सांग. तूं ह्या सगळ्यांतून गेलेला आहेस. तिसरें वर्ष लागलें, पण पोरगी कांहीं बोलतच नाहीं." भाची गच्चीवर एकटीच उभी होती. मी सेवानिवृत्त प्राध्यापक. दोन गोष्टी सांगण्याची विनंती मला हल्लीं क्वचितच कोणी करतो. तेव्हां मीं दोन सोडून वीस सांगितल्या. वही नीट ठेव, झोप मोडूं नकोस, वाचन सोडूं नकोस, गाइडला दर आठवड्याला भेट. प्रत्येक वाक्याला ती मान हलवीत होती. मग एकदम म्हणाली, "मामा, तूं कधीं सोडून द्यायचा विचार केला होतास?"

"छे, कधींच नाहीं," मीं म्हटलें.

उत्तर इतकें झटकन् आलें कीं तें खोटें आहे हें मला बोलून झाल्यावरच समजलें. ती "बरं" म्हणाली आणि खालीं निघून गेली. त्या एका वाक्यापायीं आज हें लिहावयास बसलों आहें.

पीएच. डी.च्या ह्या पांच-सहा वर्षांना मी शिक्षण म्हणत नाहीं, उमेदवारी म्हणतों. पूर्वीं वकिलाच्या कचेरींत किंवा सोनाराच्या दुकानांत मुलें उमेदवारी करीत, तशीच ही. तेथें पाठ घ्यावयाचा नसतो. हात बसवावयाचा असतो. वेतन मिळतें, पण तें नोकरीचें नव्हे. १ जानेवारी २०२३ पासून ही शिष्यवृत्ति पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये व पुढें ४२,००० रुपये, अशी आहे, घरभाडें निराळें. आमच्या वेळच्या मानानें ही रक्कम राजेशाही वाटते, परंतु ती ज्या महिन्याची त्याच महिन्यांत हातीं पडेल असा भरंवसा धरूं नये. तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला टाकल्याशिवाय कोणत्याहि उमेदवारानें मोठी खरेदी करूं नये, हा माझा अगदीं वाण्याच्या पद्धतीचा सल्ला आहे. आणि मीं दिलेल्या सर्व सल्ल्यांपैकीं मुलांनीं मनापासून मानलेला बहुधा हाच एक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें पीएच. डी.ची मुदत कमींत कमी तीन व जास्तींत जास्त सहा वर्षांची आहे, आणि ती गरज पडल्यास वाढवून मिळते. ह्यांतला ‘तीन’ हा आंकडा आईबापांनीं विसरून जावा. प्रयोगाच्या शास्त्रांत पांच वर्षें लागलीं तर तो आळस नव्हे.

परीक्षेची गोष्ट निराळी असते. परीक्षेंतल्या प्रश्नाचें उत्तर प्रश्न काढणाऱ्याला ठाऊक असतें, आणि तें कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या प्रकरणांत आहे हें मुलालाहि ठाऊक असतें. संशोधनांतल्या प्रश्नाचें उत्तर पृथ्वीच्या पाठीवर कोणालाच माहीत नसतें. पुष्कळदा तो प्रश्न बरोबर विचारला गेला आहे कीं नाहीं, हेंहि माहीत नसतें. वीस वर्षें ज्याला प्रत्येक तीन तासांच्या शेवटीं गुण मिळाले, त्या मुलाला तीन-तीन वर्षें कोणी गुणच देत नाहीं. त्यामुळें हुशार मुलांचीच पहिल्या दोन वर्षांत जास्त दैना होते, असा माझा अनुभव आहे. मध्यम गुणांचा विद्यार्थी चुकण्याला सरावलेला असतो. प्रयोग फसला तर तो प्रयोग फसला असें म्हणतो. पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी मीच फसलों असें म्हणतो. अशा मुलांना मी एवढेंच सांगत आलों कीं एका मोठ्या, अनिश्चित प्रश्नाच्या जोडीला एक लहान, सहा महिन्यांत तडीस जाईल असा प्रश्न हाताशीं ठेवा. मोठा प्रश्न महिनोन्महिने हलत नाहीं, तेव्हां तो लहान प्रश्न तुम्हांला तुम्ही निरुपयोगी नाहीं हें सांगत राहतो.

सारें अवलंबून असतें तें मात्र गाइडवर. विषयाची निवड, संस्थेचें नांव, नवीं यंत्रें, ह्या गोष्टी मुलें फार बारकाईनें पाहतात, आणि ज्याच्या हाताखालीं तारुण्यांतलीं पांच वर्षें काढावयाचीं त्या माणसाविषयीं कोणाला एक अक्षरहि विचारीत नाहींत. मुलीचें लग्न ठरवतांना आपण सात गांवांतून चौकशी करतों. येथें चौकशी करावयाची म्हणजे त्या माणसाच्या जुन्या विद्यार्थ्यांना गांठावयाचें, आणि दार लावून घेऊन विचारावयाचें: तुम्हांला किती वर्षें लागलीं? तुमच्याबरोबरचे किती जण मध्येंच गेले? प्रयोग फसला हें त्यांना सांगावयास तुम्हांला भीति वाटत असे का? हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्यावर समोरचा क्षणभर गप्प बसला, तर तें गप्प बसणें हेंच उत्तर समजावें.

कमलाबाई सोहोनींची हकीकत आपल्याकडे पुष्कळदा सांगितली जाते. दुर्गाबाई भागवतांच्या ह्या धाकट्या भगिनी. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी.ला पहिल्या येऊन त्यांनीं बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. त्यांचे वडील व चुलते त्याच संस्थेंत शिकलेले. परंतु त्या स्त्री आहेत म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनीं प्रवेश नाकारला. त्या मागें हटल्या नाहींत, आणि शेवटीं एक वर्ष परीक्षा पाहण्याच्या अटीवर त्यांना घेण्यांत आलें. येथपर्यंतची गोष्ट जिद्दीचा धडा म्हणून सांगतात, आणि तो धडा आहेच. पण मला त्यांतला पुढला भाग अधिक मोलाचा वाटतो. आंत गेल्यावर त्यांना श्रीनिवासय्या यांच्यासारखे शिस्तीचे, पण विद्यार्थ्याला मनापासून शिकविणारे गुरु भेटले. दूध व डाळी यांतील प्रथिनांवर त्यांनीं तेथें काम केलें. पुढें केंब्रिजला त्या प्रथम डेरिक रिक्टर यांच्यापाशीं होत्या. ते गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या पेशींवर काम करूं लागल्या, आणि सायटोक्रोम-सी हें श्वसनाशीं संबंध असलेलें द्रव्य वनस्पतींतहि असतें हें त्यांनीं दाखविलें. १९३९ सालीं त्यांना पीएच. डी. मिळाली. प्रबंध सुमारें चाळीस पानांचा होता! आपल्याकडे तीनशें पानांखालच्या प्रबंधाला हात लावतांना परीक्षकाला संकोच वाटतो, त्या लोकांनीं ही संख्या जरूर मनांत ठेवावी. परंतु मुद्दा हा कीं जिद्दीनें दार उघडलें. उघडल्यावर आंत कोण भेटतो, हें जिद्दीच्या हातीं नसतें.

दुसरें उदाहरण जयंत नारळीकरांचें. ते केंब्रिजला फ्रेड हॉईल यांचे विद्यार्थी होते. विश्वाला आरंभ नाहीं व शेवटहि नाहीं, तें सदैव एकाच स्थितींत असतें, असा हॉईल यांचा सिद्धान्त. १९६१ च्या फेब्रुवारींत मार्टिन राइल यांनीं रेडिओ-उद्गमांची मोजणी पुढें करून त्यावर हल्ला चढविला. त्या वेळीं रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेंत उत्तर देण्याचें काम हॉईल यांनीं आपल्या ह्या शिष्यावर सोंपविलें. नारळीकर तेव्हां बावीस वर्षांचे होते. पदवी मिळण्यास अजून दोन वर्षें अवकाश होता. पुढें तो सिद्धान्त बहुतेक शास्त्रज्ञांनीं सोडून दिला. पण ज्या मुलाला त्याच्या गुरूनें बाविसाव्या वर्षीं दिग्गजांसमोर उभें केलें, तो मुलगा घडला. आणि पुढें पुण्याला ‘आयुका’सारखी संस्था उभारण्यापर्यंत गेला. सिद्धान्ताचें काय होतें आणि विद्यार्थ्याचें काय होतें, हे दोन निरनिराळे हिशेब आहेत. घरच्या मंडळींनीं दुसऱ्या हिशेबाकडे पाहावें.

आतां माझी गोष्ट. ती मीं आजवर कोणाला सांगितली नाहीं असें नाहीं. पण सांगतांना शेवटचा भाग नेहमी गाळीत आलों.

१९८३ सालीं मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेंत लागलों. माझ्याकडे सातविणीच्या सालींतील द्रव्यें वेगळीं करण्याचें काम होतें. कोंकणांत आमची आजी तापावर हीच साल उगाळून देत असे, त्यामुळें विषय घरचाच वाटला. सालीचा भुगा पेट्रोलियम ईथरमध्यें उकळून अर्क काढावयाचा, सिलिका जेलनें भरलेल्या उंच कांचेच्या नळींत तो वरून सोडावयाचा, आणि खालून ठिबकणारा द्रव शेंकडों परीक्षानळ्यांतून गोळा करावयाचा. काम कंटाळवाणें खरें, पण त्यांत एक सुख असतें. आमटींतला एक-एक मसाला वेगळा होऊन वाटींत पडावा तसें तें दिसतें. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मला एक फिक्कट पिवळें, दाट तेल मिळालें. इन्फ्रारेड वर्णपटांत एस्टरची खूण स्पष्ट होती. एन. एम. आर.चा आलेख इतका स्वच्छ आला कीं मी तो उशाशीं घेऊन झोपलों. सातविणीच्या सालींत असें द्रव्य आजवर कोणाला मिळालें नव्हतें. मीं मनांतल्या मनांत त्याला नांवहि देऊन टाकलें. गाइडनीं एका परिषदेला त्याचा गोषवारा पाठविला. वडिलांना मीं पत्र लिहिलें. ते शाळामास्तर, त्यांनीं तें पत्र साऱ्या आळीला वाचून दाखविलें.

मास स्पेक्ट्रमसाठीं नमुना मुंबईला पाठवावा लागे. पांच आठवड्यांनीं कागद आला. मी तो उलगडून पाहत होतों तोंच शेजारच्या टेबलावरचा एक जुना विद्यार्थी माझ्या खांद्यावरून डोकावला आणि मोठ्यानें हंसला. "एकशें एकुणपन्नास! अरे, ही सातवीण नव्हे. ही तुझी नळी आहे."

आलेखावर सर्वांत उंच रेघ १४९ ह्या आंकड्यावर होती. ज्यांनीं रसायनशाळेंत दिवस काढले आहेत त्यांना अधिक सांगण्याची गरज नाहीं, इतरांसाठीं सांगतों. प्लॅस्टिक मऊ राहावें म्हणून त्यांत थॅलेट नांवाचीं तेलकट द्रव्यें मिसळतात. पेट्रोलियम ईथरसारख्या द्रावकांत तीं अलगद उतरतात. आमच्या प्रयोगशाळेंत मोठ्या पिंपांतून द्रावक काढावयास एक पिवळी प्लॅस्टिकची नळी होती, आणि तो सांठविण्याचे कॅनहि प्लॅस्टिकचेच होते. मीं आठ महिने खपून सातविणीच्या सालींतून जें काढलें, तें त्या नळींतून आलें होतें. वनस्पतीचा घटक म्हणून थॅलेट सांपडल्याचें छापून मोकळे झालेले लोक जगांत पुष्कळ आहेत, हें समाधान मला फार पुढें मिळालें. त्या दुपारीं तें उपयोगाचें नव्हतें.

येथपर्यंतची हकीकत मी वर्गांत हंसत-हंसत सांगत असें, आणि वर्गहि हंसत असे. पुढली अशी. गाइड परगांवीं होते. तो जुना विद्यार्थी भला माणूस होता. तो म्हणाला, गोषवारा तर गेलाच आहे, परिषदेंत हा कागद दाखवूं नकोस, पुढें हळूच विषय बदल. कोणी विचारणार नाहीं. मी खोलीवर गेलों. माझा खोलीसोबती भौतिकी-रसायनाचा. त्याचें चौथें वर्ष चालू होतें. त्याच्या गाइडनीं त्याचा प्रश्न तिसऱ्यांदा बदलला होता. आधींच्या दोन प्रश्नांवरचें काम कोणत्या तरी कपाटांत पडून होतें. आम्ही दोघे त्या संध्याकाळीं फिरावयास गेलों आणि परततांना बँकेच्या कारकुनी परीक्षेचे दोन फॉर्म विकत घेऊन आलों. दोघांनींहि ते रात्रीं भरले. मीं फोटो डिंकानें चिकटविला, सही केली, आणि फॉर्म प्रयोगाच्या वहींत ठेवला.

भाचीला मीं ‘कधींच नाहीं’ म्हणून सांगितलें तें हें!

दोन दिवसांनीं गाइड परत आले. मी मास स्पेक्ट्रमचा कागद घेऊन त्यांच्या खोलींत गेलों. नैतिक धैर्य वगैरे कांहीं नव्हतें. सोडूनच जावयाचें तर लपवावें कशाला, असा हिशेब होता. त्यांनीं कागद पाहिला, चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि वही मागितली. वहींतला फॉर्म खालीं पडला. तो त्यांनीं उचलून वाचला व पुन्हां त्याच पानांत ठेवला. त्याविषयीं एक अवाक्षर काढलें नाहीं. मग पानें उलटीत-उलटीत एका ठिकाणीं बोट ठेवून म्हणाले, "हें वाचा."

माझ्याच अक्षरांत लिहिलेलें होतें. दोनशें ग्रॅम सालींतून मिळालेलें तेल, आणि त्यापुढें तीन आठवड्यांनीं पांचशें ग्रॅम सालींतून मिळालेलें तेल. वजन जवळजवळ सारखें. साल अडीचपट, तेल तेवढेंच! आणि त्याच्याहि पुढें, ज्या दिवशीं मीं द्रावक दुप्पट वापरला होता त्या दिवशीं, साल तेवढीच असून तेल दुप्पट. तेल सालीचें नाहीं, द्रावकाचें आहे, हें सांगणारे तीन आंकडे चार महिन्यांपासून वहींत बसून होते. मीं ते तारीख घालून, शाईनें, नीटनेटके लिहिले होते. वाचले मात्र नव्हते.

"तुमची वही तुमच्यापेक्षां हुशार आहे," ते म्हणाले. "उद्यां साल न घालतां सगळें पहिल्यापासून करा." साल न घालतां केलेल्या त्या प्रयोगाला आम्ही ब्लँक म्हणतों. तो पहिल्याच आठवड्यांत करावयास हवा होता. मला नव्या द्रव्याची इतकी ओढ लागली होती कीं तो मला वेळेचा अपव्यय वाटला. मग ते मला उपाहारगृहांत घेऊन गेले, चहा मागविला, आणि स्वतःच्या उमेदवारींतली एक चूक सांगितली. ती येथें सांगण्याचा मला अधिकार नाहीं. माझ्या चुकीपेक्षां ती मोठी होती एवढेंच सांगतों. त्याच दिवशीं त्यांनीं परिषदेला गोषवारा मागें घेतल्याचें पत्र लिहिलें. त्यांत ‘आमची चूक’ असे शब्द होते. ‘विद्यार्थ्याची’ नव्हे.

मी राहिलों. १९८८ सालीं पदवी मिळाली. प्रबंधांत सातविणीचीं तीन द्रव्यें होतीं, तिन्हीं सालींतलींच.

खोलीसोबत्यानें आपला फॉर्म टपालांत टाकला. जाण्यापूर्वींचे त्याचे कांहीं महिने मला आज फार स्पष्ट दिसतात. तो रोज प्रयोगशाळेंत जाई, सगळीं कांचेचीं भांडीं घासून, वाळवून ओळीनें मांडून ठेवी, आणि संध्याकाळीं परत येई. त्या भांड्यांत तो कांहींच घालीत नसे. जेवावयास एकटा जाऊं लागला. घरचीं पत्रें न फोडतां उशाखालीं ठेवूं लागला. हें मी रोज पाहत होतों, पण माझें काम आतां जोरांत चाललें होतें. रात्रीं अकराला येऊन सहाला निघून जात असें. एका रविवारीं परत आलों तों त्याची ट्रंक नव्हती. पुढें कित्येक वर्षें मी विद्यार्थ्यांना ‘चिकाटी नसली कीं काय होतें’ ह्याचें उदाहरण म्हणून त्याची गोष्ट सांगत असें. माझ्या नि त्याच्या चिकाटींत रतिमात्र फरक नव्हता. आम्ही एकाच टपरीवरून, एकाच संध्याकाळीं फॉर्म घेतले होते. मला कोणी तरी चहाला नेलें, त्याला कोणीं नेलें नाहीं.

२००९ सालीं तो एका लग्नांत भेटला. बँकेंत चांगला वर चढला होता, मुलगी वैद्यकीय महाविद्यालयांत होती. तो सुखी होता, आणि सोडल्याचा त्याला पश्चात्ताप नव्हता. हें मुद्दाम लिहितों, कारण सोडणारा प्रत्येक जण दुःखी होतो असें दाखविण्याची आम्हां पदवीधरांना खोड असते. सोडून जाणें हा पुष्कळांच्या बाबतींत शहाणपणाचा निर्णय असतो, आणि चार वर्षें घालविलीं म्हणून आणखी चार घालवावीं हें शास्त्राचें तर्कशास्त्र नव्हे. पंक्तींत शेजारीं बसून आम्ही जुन्या गोष्टी काढल्या. जिलबी वाढून गेल्यावर तो सहज म्हणाला, "तूं एकदां तरी विचारशील असं मला त्या दिवसांत वाटायचं." त्यांत तक्रार नव्हती. मला मात्र पुढला घांस गिळेना.

भाचीच्या बाबतींतहि आंकडे समोर होतेच. दिवाळींत तिनें फोन सारा वेळ पालथा घालून ठेवला होता. प्रयोगशाळेंतल्या मैत्रिणींचीं नांवें पूर्वीं तिच्या तोंडीं सारखीं असत; ह्या खेपेस एकहि आलें नाहीं. आत्यानें, "काय गं, अजून शिकतेच आहेस?" म्हणून विचारलें तेव्हां ती हंसली, पण ताटावरून उठली. आपल्या घरांतून हा प्रश्न अगदीं प्रेमानें विचारला जातो. तो विचारूं नये, अशी माझी सर्व आत्यांना, काकांना, शेजाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. त्याऐवजीं ‘सध्यां काय करून पाहते आहेस?’ असें विचारावें, आणि उत्तर समजलें नाहीं तरी पुरतें ऐकून घ्यावें. गच्चीवर मीं तेवढेंहि केलें नाहीं. तिनें विचारलेल्या प्रश्नांतच तिची सारी हकीकत होती, आणि मी तिला वही कशी ठेवावी हें शिकवीत होतों.

तिच्या गाइडविषयीं मला फारसें ठाऊक नाहीं. तिचा प्रश्न मोठा आहे कीं लहान, तिच्या टेबलाशेजारीं कोणी डोकावणारें आहे कीं नाहीं, हेंहि मीं कधीं विचारलें नव्हतें. परवां फोन केला. "भाऊबीजेला मी तुला खोटं सांगितलं," एवढें एक वाक्य मीं आधीं पाठ करून ठेवलें होतें. तें म्हणून टाकलें. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "मला वाटलंच होतं." येत्या शनिवारीं ती दोन दिवसांसाठीं माझ्याकडे येणार आहे. राहणार कीं सोडणार हें मी तिला विचारणार नाहीं. तिनें सोडावयाचें ठरविलें तर बहिणीची समजूत घालण्याचें काम माझें.

जुनी वही माळ्यावर होती. काल ती काढून पुसली. फॉर्म अजून त्याच पानांत आहे, पिवळा पडला आहे, फोटोचा एक कोपरा सुटला आहे. मीं तो तसाच राहूं दिला आहे.